केमो चालू असताना रात्री ताप आला तर: देवगडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न कामं वाटून घेण्याचा आहे. आईची दुसरी केमो होऊन नऊ दिवस झाले, मुंबईहून देवगडजवळच्या घरी आणलंय, मावश्या, चुलते, भावाचे मित्र सगळे मदतीला तयार आहेत, तर कोणाला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. पण त्यातच एक ओळ जाता जाता लिहिली आहे: ‘परवा रात्री १००.८ ताप होता, गोळीने उतरला, आता ठीक आहे.’ मी त्या ओळीवरच थांबले. म्हणून आधी तेवढंच.

जिथे केमो चालू आहे तिथे आत्ता फोन करा, तापाचं सांगा आणि आजच्या आज सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करून घ्या. परत १००.४ दिसला तर कोणाची वाट न बघता गाडी काढा, फोन वाटेत लावा. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय त्यापेक्षा तुमचे कॅन्सरचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. पण ही चूक आमच्या घरी झाली आहे. अकराव्या दिवशीचा ताप, गोळी दिली, उतरला, सकाळी जवळच्या दवाखान्यात ‘पावसाळी ताप आहे, तीन दिवसांनी या’ म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी रक्तदाब लागेना. जीव वाचला, पण पुढची केमो लांबली. ती एक रात्र आणि तो एक दिवस आम्हाला सगळ्यांत महाग पडला, म्हणून इतकं लांब लिहितेय.

हे का होतं ते घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं, नाहीतर रात्री अडीच वाजता कोणीतरी म्हणतंच, ‘सकाळपर्यंत बघूया’. केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतं. त्यात कॅन्सरच्या पेशी येतात, तशाच हाडांच्या मगजात रोज नव्याने तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही येतात. जंतूंशी पहिल्यांदा भिडणाऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. आधीचा साठा संपतो आणि नवा माल येत नाही, असा खड्डा साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पडतो. एकवीस दिवसांच्या चक्रात लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे सोमवारी केमो झाली तर पुढच्या सोमवारपासून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंतचा आठवडा जपायचा. दर आठवड्याला केमो असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि खरी फसगत पुढेच आहे. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्या पेशीच नाहीत, तर पू होत नाही, सूज-लाली फारशी दिसत नाही, छातीत कफही धड साठत नाही. बहुतेकदा ताप हीच एकमेव खूण उरते. तीच आपण पॅरासिटामॉलने पुसून टाकतो. जंतू आत वाढतच असतात, थर्मामीटर मात्र ९८.६ दाखवतो. हे जंतू बहुतेकदा बाहेरून आलेलेही नसतात. केमोने तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोललं जातं आणि तिथलेच जंतू रक्तात शिरतात. त्यामुळे ‘आम्ही कोणालाच घरात येऊ दिलं नाही, मग ताप कसा येईल’ हे म्हणणं चालत नाही.

कोकणात याला आणखी एक फाटा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथे तापाचा रुग्ण दारात आला की डॉक्टरांच्या डोक्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया येतं. त्यांची चूक नाही, पावसाळ्यात हे आजार दिसतातच. पण म्हणूनच खिडकीवर किंवा नर्सला पहिलं वाक्य ‘ताप आलाय’ असं सांगायचं नाही. पहिलं वाक्य असं: ‘केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, ताप १०१ आहे.’ याच क्रमाने. सोबत जाणाऱ्या प्रत्येकाकडून हे वाक्य आधी म्हणवून घ्या. आणि तापाच्या रुग्णांच्या रांगेत आईला बसवू नका, मास्क लावून बाहेर गाडीतच थांबवा आणि एकाने आत जाऊन बोला.

ताप मोजण्याचं. हात लावून ‘कोमट वाटतंय’ हे धरायचं नाही. डिजिटल थर्मामीटर दोन ठेवा, एकाची बॅटरी नेमकी त्याच रात्री संपते. जिभेखाली मोजा, गरम पेज किंवा चहा घेतला असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून. काखेत मोजलं तर आकडा कमी येतो, ९९.५ च्या वर गेला की जिभेखाली मोजून बघा. गुदद्वारातून कधीही मोजू नका. एकदा १०१ किंवा त्याहून जास्त, किंवा १००.४ तासभर टिकला, तर तो धोक्याचा ताप, असं पुस्तकात असतं. घर रुग्णालयापासून दोन-तीन तासांवर असेल तर तो तासही मोजत बसू नये, १००.४ दिसलं की निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगदुखीसाठीही पॅरासिटामॉल द्यायची असेल तर आधी मोजायचं, आकडा आणि वेळ वहीत लिहायची, मगच गोळी. केमोनंतरचे दोन-तीन दिवस बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेलं असतं, त्यानेही ताप झाकला जातो. म्हणून हुडहुडी भरली, धाप लागली, माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागलं किंवा उभं राहता येईना, तर ताप नसला तरी निघायचं.

आता सगळ्यांत कामाचं. पुढच्या वेळी केमोला जाल तेव्हा डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक चिठ्ठी मागून घ्या. त्यात रुग्णाचं निदान, केमोची औषधं, शेवटच्या केमोची तारीख, कशाची अॅलर्जी आहे ते, आणि पुढचं ठळक असावं: ताप आल्यास तातडीने सीबीसी, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी), आणि पोचल्यापासून पहिल्या तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस, औषधाचं नाव आणि मात्रेसह. हे औषध बहुधा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखं असतं, पण निवड त्यांची. ही चिठ्ठी घेऊन ताप नसतानाच, दिवसाउजेडी, तुमच्या जवळच्या दोन रुग्णालयांत जा आणि सरळ विचारा: हे इंजेक्शन तुमच्याकडे रात्री असतं का? रात्री डॉक्टर हजर असतात का? पहिला डोस देऊन पुढे पाठवाल का? ‘नाही’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, रात्री तिथे धडकण्यापेक्षा आज कळलेलं बरं. अतिदक्षता नंतर पुढच्या रुग्णालयात मिळेल, पण पहिला डोस उशिरा मिळाला तर तो वेळ कोणी परत देत नाही. चिठ्ठीची प्रत फाईलमध्ये, एक गाडीत, एक फोटो चार जणांच्या मोबाइलमध्ये. वाडीत रेंज नसते आणि तिठ्यावर जाऊन फोन लावावा लागतो, हे गृहीत धरूनच तयारी करा.

रस्ताही आधी ठरवा. देवगडहून कणकवली तासापेक्षा जास्त, तिथून कोल्हापूर म्हणजे घाट. पावसात करूळ घाटात दरड आली तर भुईबावडा की फोंडाघाट, हे गाडी चालवणाऱ्याला दुपारीच ठाऊक हवं. गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचं ठरलं असेल तर तेही आधीच. १०८ ला फोन करायला हरकत नाही, पण ती गाडी जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते, तेव्हा चिठ्ठी हातात हवीच.

सीबीसीचा कागद वाचायला शिका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचा टक्का, भागिले शंभर. पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर ३६०. पाचशेच्या खाली म्हणजे मोठा खड्डा. नुसते ‘डब्ल्यूबीसी (एकूण पांढऱ्या पेशी) १८००, थोडे कमी आहेत’ असं लॅबवाल्याने सांगितलं तर त्यावर थांबू नका. याचाच दुसरा फायदा असा की पुढच्या केमोच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी कणकवलीत करून त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला, तर पेशी कमी असताना मुंबईची फेरी फुकट जात नाही. बरेच डॉक्टर १५०० न्यूट्रोफिल आणि एक लाख प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) बघतात. फोटो चालेल का, ते आधी विचारा.

पेशी वाढवायची इंजेक्शनं, फिलग्रास्टिम, लिहून दिली असतील तर ती २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात. आपल्याकडे पावसात वीज आठ-आठ तास जाते, हे दुकानदाराला आणि घरच्यांना दोघांनाही लक्षात ठेवायला हवं. थर्मासमध्ये बर्फ, त्यावर जाड कापड, त्यावर इंजेक्शन. बर्फाला थेट टेकलं की गोठतं आणि गोठलेलं वापरायचं नाही. फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याखाली नको, मधल्या फळीवर. ते घेतल्यावर कंबर, मांड्या, पाठ ठणकते, मगज कामाला लागल्याची खूण आहे. त्या दुखण्यावर गोळी देतानाही आधी ताप मोजायचा. आणि या दिवसांत गावात कोणी कमरेवर दुसरं कसलं इंजेक्शन टोचायला निघालं तर थांबवा, प्लेटलेट कमी असल्या की स्नायूत रक्त साकळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कामं कोणाची. फोन एकानेच घ्यायचा. पंधरा जणांना पंधरा वेळा तेच सांगताना घरचं माणूस गळून जातं, तेव्हा त्या एकाने रोज संध्याकाळी ग्रुपवर चार ओळी टाकाव्यात. त्या जपायच्या आठवड्यात रात्रीची गाडी दोन जणांची हवी, एक आणि त्याला पर्याय, दोघांचीही टाकी अर्ध्याच्या वर आणि दोघांनीही त्या रात्री काही घेतलेलं नसावं. हे स्पष्टच सांगावं लागतं. तिसरा माणूस घर, गुरं, लहान मुलं सांभाळणारा, म्हणजे निघताना त्यावर चर्चा नको. बॅग भरलेली: फाईल, रेशनकार्ड, आधार, दोन साड्या, चार्जर, रोख पैसे. भेटायला येऊ इच्छिणाऱ्या मावशीला भेटीऐवजी काम द्या. सीबीसीचा कागद आणणं, पाणी गाळून उकळून ठेवणं, आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी करून दारात ठेवणं. माणसांना खरंच काहीतरी करायचं असतं, ते दिलं की येऊन बसण्याचा आग्रह आपोआप कमी होतो.

गणपतीत घर भरतं, चाकरमानी येतात, निम्म्यांना रेल्वेतच सर्दी लागलेली असते. कॅलेंडर घेऊन बसा. चतुर्थी जपायच्या आठवड्यात येत असेल तर आईची खोली वेगळी, आरती पडवीतून आणि खोकणाऱ्याने लांबूनच नमस्कार. लोक रागावतील, रागावू देत. आईला गोठ्यात, लावणीच्या चिखलात, अंगण सारवायला आणि बुरशी आलेल्या गवतात हात घालायला या महिन्यांत नकोच.

खाण्याबद्दल इतकंच की ताजं शिजवलेलं सगळं चालतं. पेज, मेतकूट, उकडलेलं अंडं पिवळं घट्ट होईपर्यंत, मासा कढईतून उतरलेला. तिसऱ्या, कालवं असे शिंपले मात्र नीट शिजलेलेच, अर्धवट वाफवलेले या काळात खरोखर धोक्याचे. विहिरीचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा. तोंड आलं असेल तर सोलकढी झोंबते, आग्रह करू नका. त्यापेक्षा कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरू द्या. काढे, गुळवेल, पपईच्या पानांचा रस घेऊन कोणी येईल. प्रेमाने आणतात, पण गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनीच केल्या आहेत, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आईला केमोत लाल रंगाचं औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, घाबरू नका.

प्रवासाचं: रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सवलत. रुग्णालयाचा सहीशिक्क्याचा अर्ज लागतो आणि तिकीट काउंटरवर काढायचं. परळला टाटा रुग्णालयात जात असाल तर दादरला उतरवणारी तुतारी एक्स्प्रेस सोयीची. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन आहे, जागेचं आधी विचारून निघा. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं आईचं नाव एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचा. माहेरचं-सासरचं नाव, ‘बाई’ आहे-नाही, एवढ्यावरून मंजुरी अडते आणि मग या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. रेशनकार्डाची दुरुस्ती तहसीलला आत्ताच टाका, तापात भरती झाल्यावर नाही. तापाची भरती योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्याला, विचारून ठेवा.

सीबीसी झाली की एकूण पेशी आणि न्यूट्रोफिलचा टक्का इथे लिहा. आणि आज रात्री झोपण्याआधी आणि पहाटे चारला ताप मोजायला कोण उठणार, ते आत्ताच ठरवा.