बिलावर लिहिता येईल तेवढंच कर

अरे पोरा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, मुद्दाम उत्तर दिलं नाही, रागात काहीतरी लिहून गेलो असतो. मालकाने सांगितलं म्हणून तू कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन आलेल्या त्या बाईंना 'मदरबोर्ड गेलाय' म्हणालास, पैसेही मदरबोर्डचेच लावले, आणि केलंस काय तर रॅमची पट्टी काढून खोडरबरने तिचे कॉन्टॅक्ट पुसलेस, मशीन चालू झालं. आता तुला झोप येत नाही. बरंय. खोटं बोलू नये वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुझ्या घरी शिकवलंय, म्हणून तर मेसेज केलास. तुझा खरा प्रश्न वेगळाच आहे, की काका, नुसतं खोडरबर फिरवलं असं सांगितलं तर पैसे कोण देणार? आपल्या लाइनीत ह्याचं सरळ उत्तर कोणी देत नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, डोक्याचे देत नाही. नो डिस्प्लेचं, म्हणजे स्क्रीनवर काहीच न येणारं मशीन आलं की बीप ऐकायचा, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय चेक करायचा, एकच रॅम ठेवून स्लॉट बदलत बघायचं, हे हातात बसायला वर्षं जातात पण समोरच्याला ते दिसत नाही, त्याला पार्ट दिसतो. मग दुकानदार आपली अक्कल पार्टच्या नावावर विकतो. मला हे कळतं रे, मी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातच काम शिकलोय. कळतं, पण पटत नाही. जे केलं ते बिलावर लिही. 'पूर्ण तपासणी, रॅमचे कॉन्टॅक्ट साफ केले, ४०० रुपये.' गिऱ्हाईक म्हणेल पाच मिनिटांच्या कामाचे ४००? शांतपणे सांग, पैसे दोष शोधण्याचे आहेत. काही जण कुरकुर करतील, एखादा भांडून निघून जाईल. जाऊ दे!

आणि आता नीट ऐक, जे बिलावर लिहिता येत नाही ते करायचंच नाही. हे इतक्या वेळा बोललोय की माझ्याकडची पोरं कंटाळतात, तरी परत बोलणार. 'फोटोंचं फोल्डर उघडून बघितलं' असं बिलावर लिहिशील? '८ जीबीची रॅम काढून ४ ची घातली' लिहिशील? 'न विचारता फॉरमॅट मारला' लिहिशील? नाही ना, मग विषय संपला. २०२२ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या लोकांनी आत गुपचूप लॉग, म्हणजे कोण काय उघडतं त्याची नोंद, चालू ठेवून लॅपटॉप दुरुस्तीला टाकले होते, १६ पैकी ६ ठिकाणी कस्टमरचा खाजगी डेटा चाळलेला सापडला आणि दोन ठिकाणी तर कॉपी करून घेतलेला. त्याच अभ्यासात नुसती बॅटरी बदलायला दिली तरी बहुतेक दुकानांनी पासवर्ड मागितला. बॅटरीला पासवर्ड कशाला लागतो? तुमच्या जॉबशीटवर पण तो रकाना आहे, बघितलाय मी. विंडोजमध्ये शिरायचं काम नसेल तर मागूच नको, आणि लागलाच तर कस्टमरला स्वतः टाकू दे.

हार्ड डिस्कचं तर विचारूच नकोस. टकटक आवाज करत आलेली डिस्क, तिच्यावर लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, चालवतात, आधीच मरायला टेकलेली ती, उरलासुरला डेटा पण जातो आणि वर म्हणायचं की आणली तेव्हाच गेली होती. आधी बंद कर. जमत असेल तर सेक्टर बाय सेक्टर क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढ, मग जे काय करायचं ते क्लोनवर. जमत नसेल तर 'आमच्याकडे होणार नाही, डिस्क उघडलेली नाही' असं लिहून परत दे. एसएसडीवरचं, म्हणजे चिपवाल्या डिस्कवरचं डिलीट झालेलं बहुतेक वेळा परत येत नाही, ट्रिममुळे ती जागा आपोआप साफ होते, तिथे रिकव्हरीची आशा विकू नको. आणि बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगला हात लावायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची ४८ आकडी की आहे का विचारत जा, नंतर विचारून उपयोग नसतो.

तू म्हणशील, काकांचं काय जातंय बोलायला. गेलंय रे. एका ऑफिसचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, माझ्याकडे होतं, तिथल्या खरेदीवाल्याला न बसवलेले एसएमपीएस बिलात दाखवून हवे होते, वरचे पैसे त्याच्या खिशात. मी नाही म्हणालो, एएमसी गेलं, घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांची दोन-दोन दुकानं झाली, माझं एकच आहे आणि तेही भाड्याचं. मुलीला ज्या कॉलेजात जायचं होतं तिथली फी जमली नाही ह्याची खंत आहे आणि ती खंत जाणार नाही. पण तेच बिल आज परत समोर आलं तरी मी सही करणार नाही. हट्टी म्हण हवं तर. माझ्या बिलबुकातली कुठलीही पावती मी कोणासमोरही मोठ्याने वाचू शकतो, आणि मला ते लागतं, त्याशिवाय सकाळी शटर वर करायला माझा हात उचलला नसता.

आता त्या बाईंचं. मालकाला म्हण बिल दुरुस्त करू, तपासणीचे पैसे ठेवू आणि मदरबोर्डचे परत देऊ. तो नाही म्हणाला तरी बाईंना खरं काय ते सांगायचं, आणि ते तूच सांगायचं, ह्यात सूट नाही. भांडण करू नको, नोकरी रागात सोडू नको, घरी पैसे लागतात मला माहितीये. फक्त उद्यापासून जॉबशीटवर तू जे केलंस ते तुझ्या अक्षरात लिहायला लाग. त्यावरून काढलंच तर टिळक रोडला ये माझ्याकडे. पगार तिथल्यापेक्षा कमी मिळेल, आधीच सांगून ठेवतो, आणि पहिला महिनाभर बिलं तुलाच लिहायची आहेत.