परसातील शेकोटी आणि शेजाऱ्यांचे डोळे

प्रश्न : आम्ही परभणीत वसमत रस्त्याच्या बाजूला घर बांधून दोन वर्षे झाली. मागे परसात बरीच मोकळी जागा आहे. मागच्या हिवाळ्यात तिथे दोन फूट खड्डा खणून, विहिरीच्या खोदकामातून निघालेले दगड भोवती रचून शेकोटी केली. पण धूर असा झाला की घरचीच मंडळी उठून आत गेली. शेजारच्या काकूंना दमा असल्याने त्यांनीही हटकले. एकदा दगड फुटून कपरी उडाली, आणि पावसाळ्यात तर खड्ड्याचे डबके झाले. यंदा पक्के बांधायचे आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, आधी खड्ड्याचे पाहू. परभणीची जमीन काळी, चिकण आणि भारी. ती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा जमिनीत खोल खड्डा घेतला की पाणी साचणारच आणि कडेला रचलेले दगड सरकणारच. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की काळ्या रानात शेकोटी खाली नेऊ नये, वर उचलावी. पाच फूट व्यासाच्या जागेतील फूटभर काळी माती काढून तिथे मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मसाने चांगला ठोकून घ्यावा, आणि ही बैठक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावी. तिच्यावर आतून तीन फूट व्यासाचे, फूट-सव्वा फूट उंचीचे भाजक्या विटांचे कडे उभारावे. विटा चिखलातच बसवाव्यात. सिमेंटचा सांधा रोजच्या तापण्या-निवण्याने तडकतो आणि मग सगळे कडेच खिळखिळे होते. चिखलाचा सांधा फुटला तर बुजवायला मूठभर मातीच लागते. विटांच्या पहिल्याच थरात दोन-दोन बोटांच्या पाच-सहा फटी मोकळ्या सोडाव्यात. गुऱ्हाळाचे चुलवाण ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना खालून वारा मिळाल्याशिवाय जाळ धरत नाही हे वेगळे सांगायला नको.

दगड फुटला त्यात आपल्या नशिबाचा दोष नाही. आपल्याकडचा काळा पाषाण पुष्कळ ठिकाणी सच्छिद्र असतो, आणि विहिरीतून किंवा नदीतून काढलेल्या दगडाच्या पोटात पाणी मुरलेले असते. तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड फुटतो. बांबूची बंद कांडीही अशाच कारणाने फटाक्यासारखी वाजते, म्हणून तीही जाळात टाकू नये.

आता धुराविषयी. धूर म्हणजे न जळलेले लाकूडच होय. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. ते पेटायला साधारण 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तेवढी मिळाली नाही तर ते धूर होऊन शेजारच्या काकूंकडे जातात. ओल्या लाकडात आगीची बरीच ताकद आधी पाणी उडवण्यात खर्च होते, त्यामुळे जाळ धरत नाही आणि सरपण नुसते धुपत राहते. लाकडात 20 टक्क्यांपेक्षा कमी ओल असावी असे मानतात. ती मोजायला यंत्र लागत नाही. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ठण्ण असा आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते. मराठवाड्यात या कामाला बाभळीसारखे सरपण नाही. ते घट्ट असते आणि त्याचा आर फार वेळ टिकतो. मात्र बाभूळ उन्हाळ्यापूर्वीच फोडून, विटांवर उंच रचून ठेवावी. आपल्या चाळीस अंशांच्या वैशाखाचा हा एवढाच उपकार मी मानतो, की तो लाकूड मनापासून वाळवतो. पावसाळ्यात वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. रचलेल्या सरपणात विंचू, कधी घोणसही आश्रयाला येते, म्हणून रात्री अंधारात हात घालून लाकूड ओढू नये.

पेटवण्याची रीतही बदलून पाहावी. आपण खाली काडी-कचरा आणि वर जाड लाकूड रचतो. त्याऐवजी तळाला बाभळीचे दोन-तीन जाड तुकडे फट ठेवून मांडावेत, त्यांवर बारीक ढलप्या, त्यावर तुराट्या, आणि सगळ्यात वर मोडलेली गोवरी ठेवून माथ्यावरून पेटवावे. जाळ हळूहळू खाली उतरतो आणि खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो. प्रथम हे उलटे वाटते, पण पहिल्या दहा मिनिटांतला तो डोळे चोळायला लावणारा धूर यात बराच कमी होतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतण्याचा विचारही करू नये.

आपल्या हुरड्याची आगटी आठवून पाहा. गुळभेंडीची कणसे भाजणारा जाणता माणूस ढणढण जाळावर कणीस धरत नाही. तो गोवऱ्यांचा आर पडण्याची वाट पाहतो. बसायची शेकोटीही तशीच असावी. गुडघ्याच्या वर ज्वाळा जात असेल तर लाकूड जास्त झाले असे समजावे. खरी ऊब निखारा देतो, आणि तो बहुतेक निर्धूर असतो.

कडे घरापासून आणि कुंपणापासून निदान दहा फूट दूर हवे. कडब्याची गंज असेल तर त्याहून कितीतरी लांब, आणि वर झाडाची फांदी किंवा वीजवाहिनी नको. पेटवण्यापूर्वी चिमूटभर राख उधळून वाऱ्याची दिशा पाहावी. वारा शेजारी जात असेल तर त्या रात्री गोधडी बरी. हिवाळ्याच्या संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि धूर वर न चढता वस्तीभर पसरतो, म्हणून दम्याचे माणूस शेजारी असताना आधी विचारून घेणे हाच शेजारधर्म.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला आमच्या घरापुढे शहाबादी फरशीचे अंगण आहे. तिथे जुना पत्र्याचा पिंप अर्धा कापून शेकोटी केली तर चालेल का? अंगणातला पालापाचोळाही त्यातच संपेल.

उत्तर : फरशीवर थेट नको. शहाबादी फरशी चुनखडीच्या दगडाची असते. एकाच जागी एकाएकी तापली की तडकते किंवा तिचे पापुद्रे सुटतात. पिंपाखाली विटांचे पाय देऊन वीतभर मोकळी जागा ठेवावी आणि फरशीवर वाळूचा जाड थर द्यावा. पिंपात पूर्वी काय होते हे ठाऊक नसेल तर तो घेऊच नये. रंग दिलेला किंवा जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की अपायकारक वाफा सोडतो.

पालापाचोळ्याविषयी मात्र माझे उत्तर नाही असेच आहे. तो जळत नाही, धुपतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या प्रकरणात 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला आहे. दंड सोडा, त्या पाचोळ्याचे खत होईल. कुंपणाची छाटलेली कण्हेर तर चुकूनही जाळू नये. तिचा धूरही विषारी असतो. प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी आणि प्लॅस्टिकचे तेच.

प्रश्न : लातूरला थंडीत आमचे आजोबा बाहेर बसू शकत नाहीत. शेकोटीतले निखारे घमेल्यात घेऊन त्यांच्या खोलीत ठेवतो. शिवाय उरलेली राख परसबागेत टाकतो. बरोबर आहे ना?

उत्तर : निखारे आजपासून बंद करा. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे नसते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दार-खिडक्या लावलेल्या खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. आजोबांना गरम पाण्याची पिशवी द्यावी, पायात लोकरी मोजे घालावेत, आणि दुपारी उन्हात बसवावे. लातूरचे हिवाळी ऊन फुकट आहे.

राखेचे थोडे निराळे आहे. राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन बहुधा आधीच तशी असते, त्यामुळे कोकणातल्या आंबट मातीला मानवेल तो उपाय इथे घमेली भरभरून करू नये. शेणखताच्या खड्ड्यात मूठ-मूठ मिसळावी, उरलेली भांडी घासायला ठेवावी. मात्र ती लगेच उचलू नये. वरून पांढरी दिसणारी राख आत दुसऱ्या दिवशीही विस्तव धरून असते. रात्री उठताना शेकोटीवर कोरडी माती पसरावी; तापलेल्या विटांवर एकदम पाणी ओतले तर त्या तडकतात आणि वाफेने हात भाजतो. पाण्याची बादली शेजारी असावीच, पण ती भाजलेल्या हातासाठी आणि उडालेल्या ठिणगीसाठी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. दंतमंजन किंवा शाई लावू नये. दोन दिवसांनी राख चाळून पत्र्याच्या डब्यात भरावी, प्लॅस्टिकच्या पोत्यात नव्हे.