नाशिकमध्ये गच्चीवर दोन टीव्ही अँटेना आहेत, एक मुंबईकडे आणि दुसरी शहरातल्याच म्हसरूळ भागाकडे तोंड केलेली. त्या एकत्र जोडल्या तर चित्र सुधारेल का?

जोडता येतात. एका केबलचा सिग्नल दोघांत वाटणारा स्प्लिटर उलटा लावला की तोच दोन सिग्नल एकत्र करणारा कॉम्बायनर. पण तुमची एक अँटेना मुंबईकडे आणि दुसरी म्हसरूळकडे तोंड करून आहे, तिथेच गाडं अडतं. दोन्ही एकसारख्या असतील, एकाच दिशेला बघत असतील आणि दोघींची केबल अगदी सारख्या लांबीची असेल, तरच फायदा. तोही जास्तीत जास्त 3 डेसिबल, म्हणजे सिग्नल दुप्पट; हातात पडतो अडीचच्या आसपास. तोंडं वेगळी असली की उलट प्रत्येकीचा निम्मा सिग्नल कॉम्बायनरच खातो.

केबलच्या लांबीचं मी उगाच म्हणत नाही. पंचवटीतल्या आमच्या वाड्यावर काकांनी एकाच बांबूला दोन सारख्या अँटेना बांधल्या होत्या. चित्र सुधारायचं सोडून मुंग्याच वाढल्या! दोन दिवस काड्या फिरवून झाल्या. शेवटी लक्षात आलं, खालच्या अँटेनाची वायर पुरून उरली म्हणून त्यांनी तिचं वेटोळं करून खिळ्याला टांगलं होतं. 200 मेगाहर्ट्‌झच्या आसपास दोन फूट वायर जास्त झाली की लाट बरोबर उलटी पोचते आणि एक अँटेना दुसरीचं खाऊन टाकते. वेटोळं कापलं, मुंग्या गेल्या.

आता खरी अडचण. पकडायला हवेत आहे काय? दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर जवळजवळ सगळे बंद झालेत. 2016 मध्ये 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. मुंबई रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या पुढे आणि मध्ये आडवा सह्याद्री. दोन सोडा, चार अँटेना जोडल्या तरी डोंगर हलणार नाही.

त्यापेक्षा डीडी फ्री डिशची छत्री लावा, महिन्याचे पैसे नाहीत. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंश वर. छत्री दिसायला मात्र बरीच उभी दिसते, तिची बनावटच तशी असते; म्हणून बघून अंदाज बांधू नका. आणि छत्रीची केबल त्या जुन्या अँटेनाला साध्या स्प्लिटरने जोडायचा मोह आवरा. सेटटॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो, आणि अँटेनाच्या डब्यात बहुधा त्याचा थेट शॉर्ट होतो.