चिखल-दगडांच्या लोंढ्याने टाकलेला थर पुराच्या गाळापासून कसा ओळखायचा, आणि त्या जमिनीचं पुढे काय होतं?

डोंगरातून सुटलेला चिखल-दगडांचा लोंढा नदीच्या मैदानात जो थर टाकतो तो साध्या पुराच्या गाळाहून वेगळा कसा ओळखायचा, आणि अशा जमिनीचं पुढे काय होतं, असं तुम्ही विचारलंय. मी गाळाच्या थरांचा अभ्यास करते आणि नदीकाठच्या उभ्या कापात काय दिसतं ते विद्यार्थ्यांना वाचायला शिकवते. प्रश्नाचा पहिला भाग तसा सरळ आहे. दुसऱ्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण लोंढा थांबला की संकट टळलं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि खरा घात पुष्कळदा त्यानंतर होतो.

ओळखायची मूळ खूण एकच आहे: पाणी गाळ निवडून टाकतं, लोंढा काहीच निवडत नाही.

पुरात गाळ पाण्यासोबत येतो, पण दोन्ही वेगळे राहतात. वेग उतरला की आधी गोटे बसतात, मग खडी, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी, पाणी निथळताना, मळीचा पातळ थर. म्हणून पूरगाळाच्या कापात पट्टे दिसतात. वाळूत तिरप्या रेघा असतात, गोटे गोलसर असतात, आणि चपटे गोटे एकावर एक रेलून, नदी जिकडून येते त्या बाजूला कललेले सापडतात.

लोंढ्याचं गणितच वेगळं. त्यात आकारमानाने साधारण 60 टक्के किंवा त्याहून जास्त माती-दगड असतात आणि उरलेलं पाणी. हे मिश्रण पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड होतं. त्यामुळे जे धोंडे पुराच्या पाण्यात तळाशी घरंगळले असते ते इथं चिखलात उचलून धरले जातात आणि तसेच वाहतात. थांबताना सगळं मिळूनच थांबतं. ओतलेल्या ओल्या काँक्रीटमधली खडी जशी तळाला न जाता आहे तिथंच धरली जाते, तसा हा थर असतो: खाली-वर, मध्ये, कुठंही दगड, आणि ते एकमेकांना टेकलेले नसून चिखलात अडकलेले. आतमध्ये पट्टे नाहीत, रेघा नाहीत. बऱ्याचदा मोठे धोंडे थराच्या वरच्या अंगाला आणि कडेला जमतात, हे पाण्याच्या अगदी उलट. कोनेदार आणि गोल दगड एकत्र असतात, कारण लोंढ्याने डोंगरातला ताजा फुटलेला खडकही आणला आणि वाटेत नदीच्या पात्रातले जुने गोटेही उचलले. चिखलाचा तुकडा फोडून भिंगाखाली धरलात तर हवेच्या बारीक बुडबुड्यांची छिद्रं दिसतात. लोंढा मैदानात पसरतो तेव्हा त्याच्या दोन्ही कडांना धोंड्यांचे लांबट बांध राहतात आणि पुढे तोंडाशी जाड, फुगीर कड राहते. जमिनीवरून चालताना ही कड पायालाही कळते.

इथं एक सावधगिरी. असाच मिसळलेला थर हिमनदीही टाकते, साधी दरडही टाकते, आणि जेसीबीने टाकलेला भरावही हुबेहूब असा दिसतो. विटांचा चुरा, प्लास्टिक दिसलं तर पुढे बघायची गरज नाही. आणि आपल्या प्रवरा-गोदावरीकाठी चुन्याने घट्ट धरलेले जे जुने गोटे दिसतात, ते पाहून लोंढा आठवू नका. ते नदीचंच काम आहे. नीट पाहिलंत तर त्यात रेघाही सापडतील.

शिवाय या दोहोंच्या मधली एक अवस्था असते, आणि मैदानात खरं तर तीच सर्वांत जास्त भेटते. लोंढा नदीच्या पाण्यात मिसळत पुढे सरकतो तसे त्यातले मोठे दगड मागे राहतात आणि पुढे वाळूने गच्च भरलेलं, तेलासारखं गुळगुळीत दिसणारं पाणी वाहतं. त्यात गाळ साधारण 20 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान. त्याचा थर म्हणजे जाडसर वाळू, आत अगदी पुसट आडव्या रेघा, ना पुराची नीट निवड ना लोंढ्याची पूर्ण सरमिसळ. 1980 साली अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सच्या उद्रेकानंतर टूटल नदीतून आलेल्या लोंढ्याचं असं रूपांतर वरपासून खालपर्यंत तपासलं गेलं, आणि तेव्हापासून हे थर ओळखण्याची रीत पक्की झाली. लोंढ्यात चिकणमाती किती, यावरही बरंच ठरतं. ती 3 ते 5 टक्क्यांच्या वर असेल तर लोंढा पाण्यात सहज विरघळत नाही आणि तसाच दाट राहून फार लांब जातो. अमेरिकेतल्याच माउंट रेनियर या ज्वालामुखीवरून सुमारे 5600 वर्षांपूर्वी सुटलेला ऑसिओला लोंढा असा चिकट होता. तो प्यूजेट साउंडच्या समुद्रापर्यंत पोचला.

आता दुसरा भाग. यासाठी फिलिपिन्समधल्या पाम्पांगा प्रांताइतकं बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

15 जून 1991 ला पिनातुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ तिथून जात होतं. डोंगराभोवतीच्या दऱ्यांत पाचएक घन किलोमीटर राख आणि प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) साचलं, काही ठिकाणी 200 मीटरपर्यंत जाड. उद्रेक काही दिवसांत ओसरला. पण तो सगळा सुटा माल उतारावर तसाच पडून होता आणि दरवर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं पावसाळा असतो. प्रत्येक जोरदार सरीनंतर त्यातला काही भाग लाहार होऊन खाली यायचा. लाहार हा ज्वालामुखीच्या मालाचा लोंढा. आतली राख वर्षानुवर्षं तापलेली राहिल्याने कित्येक लाहार गरम, वाफाळते असत.

खालच्या मैदानात नदीचा उतार मंदावतो, लोंढ्याचा जोर सरतो, आणि गाळ पात्रातच बसतो. पात्र वर येतं. पात्र आजूबाजूच्या शेतांच्या पातळीला आलं की पुढचा लोंढा नदीत मावत नाही, बाहेर पडतो, नवी वाट धरतो. मग तीही वाट भरते. बांध बांधले तर गाळ बांधांच्या आत चढत जातो आणि नदी गावाच्या डोक्यावर वाहू लागते. उपनद्यांची तोंडं बुजतात: मारेल्या नदीच्या गाळाने मापानुएपे नदी अडली आणि तिथं तळं झालं, वस्त्या बुडाल्या, एका चर्चचं टोक पाण्याबाहेर राहिलं. म्हणून मी म्हणते की थर हा संकटाचा शेवट नाही. तो पुढच्या संकटाची जमीन तयार करतो.

त्यात 1993 च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. साकोबिया नदीच्या माथ्याकडचं पाणलोट क्षेत्र पासिग-पोत्रेरो नदीने आपल्याकडे ओढून घेतलं. म्हणजे जो गाळ एका बाजूच्या गावांवर यायचा, तो एकदम दुसऱ्या बाजूला वळला. त्या दुसऱ्या बाजूला बाकोलोर होतं. 1762 ते 1764 या काळात, मनिला इंग्रजांच्या ताब्यात असताना, हे गाव स्पॅनिश फिलिपिन्सची तात्पुरती राजधानी होतं. उद्रेकानंतर चार वर्षांनी, 1 ऑक्टोबर 1995 ला, वादळी पावसात आलेल्या लाहारने त्याचा काबालांतियान हा भाग गाडला. उद्रेकातून वाचलेल्या माणसांना चार वर्षांनी, ज्वालामुखी शांत असताना, गाळाने गाठलं. हे मला आजही फार अस्वस्थ करतं, कारण गाळ वर पडून आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नदी कधी वळेल, तेवढंच ठाऊक नव्हतं.

बाकोलोरचं सान गिलेर्मो चर्च बारा मीटर उंचीचं होतं, त्यातलं निम्मं जमिनीखाली गेलं. आता जिथून लोक आत जातात त्या पूर्वीच्या खिडक्या आहेत. गावकऱ्यांनी गाळात बुडालेली वेदी खणून काढली आणि नव्या जमिनीच्या पातळीवर पुन्हा उभी केली. इथं एक गोष्ट लक्षात घ्या: सहा मीटर जाडी म्हणजे सहा मीटर उंचीची एकच लाट नव्हे. बहुतेक ठिकाणी असा जाड थर अनेक लोंढ्यांचा मिळून बनतो, आणि कापात त्यांच्या मधल्या सीमा शोधाव्या लागतात. उलटही खरं असतं. दहा मीटर खोल वाहिलेला लोंढा पुढे निघून जातो आणि मागे जेमतेम हातभर चिखल ठेवतो. म्हणून थराच्या जाडीवरून लोंढ्याची उंची सांगू नये. त्यासाठी झाडांच्या बुंध्यांवर आणि भिंतींवर चिखल कुठवर चढला होता ती रेघ शोधावी लागते.

आता तुमच्या मनात येईल, अशा जागी लोक राहतातच का? डोंगराळ मुलखात सपाट, पाणी जवळ असलेली, घर बांधायला सोपी जागा बहुतेक वेळा असल्याच लोंढ्यांनी तयार केलेली असते. ऑसिओलाच्या गाळावर आज एनमक्लॉ आणि बक्ली ही गावं आहेत. जवळच्या ऑर्टिंगमध्ये बांधकामासाठी खणताना जुन्या मोठ्या झाडांचे बुंधे निघाले. सुमारे 500 वर्षांपूर्वीच्या लोंढ्याने ते जंगल गाडलं होतं. तिथं आता सायरन आहेत आणि शाळकरी मुलांना उंचावर चालत जायचा सराव दिला जातो.

कोलंबियातल्या आर्मेरोला तसा सराव नव्हता. नेवादो देल रुइस या ज्वालामुखीच्या बर्फाळ माथ्यावरून 1595 मध्ये आणि 1845 मध्ये लोंढे आले होते. आर्मेरो हे गाव 1845 च्या लोंढ्याच्या गाळावरच वसलं, सुपीक जमिनीत, लागुनिया नदी डोंगरातून बाहेर पडते त्या तोंडाशी. धोक्याचा नकाशा ऑक्टोबर 1985 मध्ये तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलं होतं. 13 नोव्हेंबरला रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला, मोठा नव्हता, पण गरम राखेने माथ्यावरचं थोडं बर्फ वितळलं. त्या पाण्याने वाटेतली माती आणि दगड ओढत आपलं आकारमान कित्येक पटींनी वाढवलं. साडेअकराच्या आसपास लोंढा गावात शिरला. मध्ये अडीच तास होते. एकूण सुमारे 23,000 माणसं गेली. त्या अडीच तासांत उंचावर चालत जाणं शक्य होतं. गावाखालचा थर कुणी वेळेत वाचला असता आणि वाचलेलं लोकांपर्यंत पोचलं असतं, तर किती जण वाचले असते याचा विचार मी वर्गात हा विषय शिकवताना दरवेळी करते.

ज्वालामुखी नसला तरी हेच होतं. 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कै-चूरलमलाच्या वर दरड सुटली, सुमारे 86,000 चौरस मीटर जमीन निखळली आणि लोंढा नदीच्या वाटेने आठएक किलोमीटर गेला. तिथं आधीच्या दरडीची खूण उपग्रहचित्रात दिसत होती. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, 30 जुलै 2014 ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण अशाच पावसात ओल्या मातीखाली गेलं. सह्याद्रीत लोंढा सहसा उतारावरच किंवा पायथ्याला थांबतो, मोठ्या मैदानापर्यंत पोचत नाही. त्यामुळे आपल्याकडे त्याचे थर नदीकाठापेक्षा पायथ्याच्या ओढ्यांच्या तोंडाशी शोधावेत.

जमिनीचं काय होतं, हे राहिलं. लाहारची वाळू सुरुवातीला पिकाला जवळजवळ निरुपयोगी असते: नत्र नाही, सेंद्रिय काही नाही, पाणी टिकत नाही. पिनातुबोच्या गाळावर आधी गवतं आली, त्यात आपल्याकडे नदीकाठी पांढरे तुरे काढणारं कास हे मुख्य. ते वाळू धरून ठेवतं, मग झुडपं येतात. शेणखत, हिरवळीचं खत घालत गेलं तर काही वर्षांत पीक निघतं. पण पाम्पांगात त्या गाळाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं: बांधकाम. ही वाळू ट्रकांनी मनिलापर्यंत जाते आणि तिच्या उत्खननाचं उत्पन्न हा तिथल्या राजकारणातला मोठा मुद्दा झाला. पात्रातला गाळ काढल्याने पुराला वाव मिळतो हे खरं. पण बांधाच्या पायाशी किंवा पुलाच्या खांबाजवळ खणलं तर तोच बांध पुढच्या पावसात जातो. म्हणून कुठून काढायचं हे ठरवून दिलेलं असावं लागतं, आणि ते पाळलं जावं लागतं.

तुमच्या जवळ असा एखादा काप असेल तर फोटो टाका. शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवा, काप ताजा खरवडून घ्या, आणि नदी कुठल्या बाजूला वाहते ते लिहा. थरात कोळसा किंवा लाकडाचा तुकडा दिसला तर त्याला हात लावू नका, जागेवरच ठेवा. त्यावरून वय काढता येतं, आणि दोन थरांची वयं मिळाली तर त्या ओढ्याला लोंढे किती वर्षांनी येतात याचा पहिला अंदाज बांधता येतो.