वाचकांचे प्रश्न: कंपायलरच्या वॉर्निंग्ज

प्रश्न: सर, मी सोलापूरला डिप्लोमाला आहे. सी मध्ये चादरींच्या बिलाचा प्रोग्राम केलाय, ५० च्या वर नग घेतले की एकूण रकमेचा दहावा भाग सूट. माझ्याकडं बरोबर चालतो पण मित्राच्या लॅपटॉपवर कमी नगांना काहीही आकडे येतात, आणि जीसीसी (सी चा कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) मला एक शब्द बोलला नाही. असं कसं?

उत्तर: नग ५० किंवा कमी असले तर तुमच्या 'सूट' या व्हेरिएबलला (आकडा ठेवायच्या नावाच्या जागेला) कुणी किंमतच, म्हणजे आकडाच, देत नाही ना! सी मध्ये फंक्शनच्या आतलं साधं व्हेरिएबल आपोआप शून्य होत नाही, मेमरीत आधीचं जे पडलंय तेच वाचलं जातं, तुमच्याकडं नशिबानं शून्य निघालं असेल इतकंच. जीसीसी गप्प बसला कारण या वॉर्निंग्ज (चुकीची शक्यता दाखवणाऱ्या सूचना) मागितल्याशिवाय मिळत नाहीत. कंपाइल करताना जीसीसीच्या कमांडला 'डब्ल्यू-ऑल' (-Wall) लावा आणि सोबत 'ओ-टू' (-O2) पण लावा, हे बरेच जण विसरतात, 'किंमत मिळाली नसेल कदाचित' ही वॉर्निंग द्यायला कोणत्या वाटेनं कोड कुठं जातो ते बघावं लागतं आणि ते काम ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायचं काम, ते 'ओ-टू' नं चालू होतं) चालू असतानाच नीट होतं. तरी कधी चूक सुटते, कधी जीसीसी उगाच ओरडतो.

न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंगही 'डब्ल्यू-ऑल' मध्येच येते, ते व्हेरिएबल पुसून टाकायच्या आधी बघा, बऱ्याचदा एक नाव जाहीर करून चुकून दुसरंच वापरलेलं असतं. जावा ही भाषा तर किंमत न दिलेलं लोकल (फंक्शनच्या आतलं) व्हेरिएबल वाचूच देत नाही, सरळ एरर.

आता 'सूट = ०' लिहा, जाहीर करतानाच.