सगळे स्विच मारून लीड झाले, मी तिथेच, सोडून देऊ का?

तुझं पत्र रात्री पावणेदोनला आलंय, म्हणजे पहिलं काम झोप, बाकी नंतर.

तू लिहितोयस की चार वर्षं एकाच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोयस, बरोबरचे तिघं जॉब बदलून टीम लीड झाले आणि तुला दोन अप्रेजलमध्ये "पुढच्या वेळी नक्की" एवढंच ऐकवलं. पण त्याच पत्रात खाली जाता जाता, तेही तक्रारीच्या सुरात, तू लिहिलंयस की हल्ली नवीन मुलं अडली की तुझ्याकडेच येतात आणि त्यात तुझा वेळ जातो. अरे, पहिल्या वर्षी रिलीजच्या आदल्या रात्री तुझ्याच पोटात गोळा यायचा ना? मग हे जे झालंय त्याला काय म्हणायचं? लिंक्डइनवर टाकता येत नाही म्हणून ते मोजायचंच नाही का?

कॅटालिन कारिको माहितीये ना, कोविडच्या एमआरएनए लशीच्या मागची शास्त्रज्ञ. संशोधनाला पैसे मिळेनात म्हणून 1995 मध्ये विद्यापीठाने तिला चक्क खालच्या पदावर आणलं. ती तेच काम करत राहिली, पुढे झेरॉक्स मशीनपाशी ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञाची ओळख झाली, 2005 मध्ये दोघांचा महत्त्वाचा पेपर आला आणि नोबेल मिळालं 2023 मध्ये. आता नोबेल काय सगळ्यांना मिळत नाही, मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते, ती म्हणजे 2013 मध्ये ती तिथून बाहेर पडून बायोएनटेक कंपनीत गेली. म्हणजे धीर धरला तो कामाच्या बाबतीत, त्याच खुर्चीला चिकटून राहायचं असं काही नव्हतं. लोक या दोन गोष्टींची फार गल्लत करतात, मीही केलीये, एकदा रागारागात नोकरी सोडली आणि नवीन जागी पद मोठं पण येत काहीच नाही अशी माझी वर्षभर फजिती झाली.

तेव्हा या आठवड्यात साहेबांना स्पष्ट विचार की लीड व्हायला माझ्यात नेमकं काय कमी आहे, आणि उत्तर मेलवर घे. ऑटोमेशन (टेस्ट आपोआप चालवणारे प्रोग्राम लिहिणं) म्हणाले तर तेच धर, रोज अर्धा तास का होईना पण रोज, रविवारी आठ तास बसून मग महिनाभर गायब असं नको. सहा महिन्यांनी हातात नवीन काही आलं असेल आणि तरीही "पुढच्या वेळी"च ऐकू आलं तर खुशाल स्विच मार, तेव्हा इंटरव्ह्यूत सांगायला काहीतरी असेल. आणि सहा महिन्यांत शिकायलाच काही मिळालं नाही तर त्याला धीर म्हणू नकोस, तो नुसता आळस, तेव्हाही निघच.

राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये आहे म्हणतोस, तो राहू दे. फक्त वर साहेबांचा पत्ता टाकला असशील तर तेवढा काढून ठेव, पावणेदोनला बोट कुठेही पडतं.