'ग्रो आउट ऑफ' : बूट, सवय आणि वाढते वय

प्रश्न : एका इंग्रजी कथेचे मी भाषांतर करीत आहे. अंगठा चोखणाऱ्या नातवाविषयी आजी त्यात 'ही विल ग्रो आउट ऑफ इट' असे म्हणते. 'तो त्यातून वाढून बाहेर येईल' हे माझे भाषांतर मलाच खटकते. पुढे हाच शब्दप्रयोग त्या मुलाच्या बुटांविषयी आला आहे. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच समजावा का?

उत्तर : मुळातली कल्पना एकच आहे, मराठीत मात्र तिला दोन वेगळी वाक्ये लागतील. आधी बुटांचे पाहू. 'ही हॅज ग्रोन आउट ऑफ हिज शूज' म्हणजे त्याला ते बूट आता लहान होतात. मूल वाढले की आपण सदरा आखूड झाला, बूट लहान झाले असे म्हणतो आणि वाक्याचे कर्तेपद वस्तूला देऊन टाकतो (बिचारा सदरा खरे तर होता तेवढाच असतो). इंग्रजीत कर्ता मूलच राहते. त्यामुळे भाषांतरात कर्ता बदलावाच लागतो, आणि तो न बदलल्यामुळेच आपले वाक्य अवघडले आहे.

सवयीच्या संदर्भात याचा अर्थ वय वाढेल तशी ती आपोआप सुटणे असा होतो. यातले 'आपोआप' महत्त्वाचे, कारण निश्चय करून सिगारेट सोडणाऱ्याविषयी बोलताना इंग्रजीत 'गिव्ह अप' वापरतात. मुलांच्या काही आजारांविषयी डॉक्टर असे म्हणतात तेव्हाही वयाबरोबर त्रास कमी होईल, एवढेच त्यांना सांगायचे असते. आपल्या कथेतील आजीच्या तोंडी 'मोठा झाला की सुटेल आपोआप' हे वाक्य शोभून दिसेल.

कर्ता निर्जीव असेल, तर अर्थ पालटतो. 'द बुक ग्र्यू आउट ऑफ हर लेक्चर्स' म्हणजे तिच्या व्याख्यानांतून ते पुस्तक साकारले. येथे सुटण्याचा वा लहान होण्याचा काही संबंध नाही.

'आउटग्रो' हे क्रियापद पहिल्या दोन्ही अर्थांनी चालते आणि लेखी इंग्रजीत पुष्कळदा तेच आढळते. धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा उंच झाला, हे सांगायला मात्र 'आउटग्रो'च हवे, तेथे 'ग्रो आउट ऑफ' चालत नाही. शिवाय या शब्दप्रयोगाचे तुकडे करून मध्ये कर्म घालता येत नाही. बूट असोत वा सवय, ते 'ऑफ'च्या नंतरच येते.

कथेत पुढे 'ग्रो इंटू' आले, तर तेथे शब्दशः जाण्याचा मोह टाळावा. ढगळ कोटाकडे पाहून आजी 'ही विल ग्रो इंटू इट' म्हणाली, तर मराठीत ती सरळ म्हणेल, 'वाढत्या अंगाचा घेतला आहे.'